दोन रकाने

पहाटे चार वीसला पहिली शिंक येते.
दुसरी येईपर्यंत मी भिंतीकडे बघते,
कारण भिंतीपलीकडे उकिडवे जागे असतात
आणि मोजत असतात.

छत्तीस वर्षं हवामान खात्यात काढली त्यांनी,
वाऱ्याची दिशा, पाऊस मिलिमीटरमध्ये, आभाळाचे आठ भाग करून ढग.
निवृत्त झाल्यावर नोंद कशाची ठेवायची?
तर माझी.
जिन्यात गाठतात, हातात दुधाची पिशवी:
"आज एकोणीस. नैऋत्येचा वारा आहे.
म्हात्रे पुलाखाली गाजरगवत फुलोऱ्यावर आलंय."
"काका, मोजायला दुसरं काही नाही का?"
"आहे. पण ते इतकं नियमित नाही."

दिवसभर मी बांधणीखात्यात बसते,
आप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळात.
शाळांची हजेरीपुस्तकं, कुणाच्या पणजोबांच्या वह्या,
कसरीने खाल्लेले कोपरे, वाळलेली खळ.
धूळ कुठल्या सालची, हे नाकाला कळत नाही.
ते सगळ्या सालांना सारखंच शिंकतं.

झुलेखाआपा शेजारी दोरा ओवत म्हणाली,
बोहरी आळीत जा, ताहेरभाईंकडे.
पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल, भीमसेनी कापूर.
तिन्ही एका बाटलीत घाल नि बूच लाव,
बाकी काही करू नकोस.

मी काहीच केलं नाही.
पाणी नाही, चूल नाही, ढवळणंसुद्धा नाही.
तीन कोरडे खडे एकमेकांना टेकून बसले
आणि भाजी निवडून होईतो
पाझरून एक झाले.
माणसांचं असं होताना मी पाहिलेलं नाही,
झालंच तर फार वेळ लागतो.

दोन थेंब, तेही रुमालाच्या कोपऱ्यावर.
नाकात घालायचं नाही, तान्ह्या मुलाजवळ न्यायचं नाही,
हे आपाने तीनदा बजावलं.
त्या रात्री कपाळामागे कुणीतरी खिडकी ढकलली.
हवा आली, गार,
कोऱ्या कागदाच्या कडेसारखी धारेची.
मी अंधारात हसले एकटीच.

बाराव्या दिवशी उकिडव्यांनी वही उघडली.
"तेलाआधी सरासरी सतरा पूर्णांक चार.
तेलानंतर सतरा पूर्णांक एक.
फरक नाही म्हटलं तरी चालेल."
डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या:
नाक उघडत नाही हो त्याने, नुसतं गार लागतं.
हवा तेवढीच जाते. फवारा सोडू नका.

फवारा सोडलेला नव्हताच.
पण राग आला. माझी खिडकी
दोघांनी मिळून भिंतीत बुजवली होती.

संध्याकाळी उकिडवे दारात.
"खात्यात दोन तापमापक असतात," म्हणाले,
"एक कोरडा. एकाच्या गोळ्याला ओली मलमल गुंडाळलेली.
हवा एकच, पेटी एकच,
आणि ओल्याचा पारा खाली.
छत्तीस वर्षं दोन्ही लिहिले मी.
खोटा कुठला, असं कधी कुणी विचारलं नाही."
मग वहीत पट्टी ठेवून नवीन रकाना आखला,
वर लिहिलं: वाटलेलं.
"सांग. काल किती?"
"एक खिडकी," मी म्हटलं. चिडूनच.
त्यांनी एककाच्या जागी नीट अक्षरात लिहिलं: खिडक्या.

दिवाळीनंतर चार दिवस भाचीकडे गेले, देवरुखला.
परतल्यावर वही मागितली.
चार ओळींत दोन्ही रकान्यांना
आडव्या रेघा.

"शून्य का नाही लिहिलं?"

"शून्य म्हणजे मी ऐकत होतो आणि आली नाही.
तू नव्हतीस.
ते शून्य नसतं."

जिन्यातला दिवा गेला होता.
काय बोलावं सुचेना, म्हणून रुमाल पुढे केला.
त्यांनी हुंगला, ठसका लागला, चष्मा काढून डोळे पुसले,
बराच वेळ पुसले,
आणि म्हणाले,
"अर्धी.
फार तर अर्धी खिडकी."